गोऱ्या बायचा वाटा

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. शाळेत मुलं माझ्या पाठीमागे मला काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तरी बहुतेक राग आठवड्याभरात निवतात. एक मात्र निवलेला नाही. तो नव्वदच्या दशकातला, आयकराच्या एका कागदापायी आलेला. गंमत अशी की तो कर मला भरायचा नव्हता, माझ्या आत्याला भरायचा नव्हता, आणि ज्या परदेशी मुलीमुळे हे सगळं घडलं तिलाही एक पैसा भरावा लागणार नव्हता.

मी तेव्हा रोह्याच्या एका शाळेत शिकवत होते आणि वरसे गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. माझं माहेर पेणच्या खारेपाटातलं. आमच्याकडे शेत म्हणजे खाडीकडून उसनी घेतलेली जमीन. मध्ये मातीचा बांध, बांधापलीकडे खारं पाणी, अलीकडे भात. उधाणाच्या भरतीला बांध कुठेतरी फुटतो. त्याला आम्ही खांड गेली म्हणतो. एकदा खांड जाऊन खारं पाणी आत शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही. म्हणून खांड गेल्याची हाक आली की जेवतं ताट सोडून धावायचं. पाणी ओसरून पुन्हा चढेपर्यंतच वेळ असतो. तेवढ्यात माणसांनी रांग धरून हातोहात चिखल द्यायचा आणि भगदाड बुजवायचं.

हे काम करणाऱ्या घरांच्या गटाला आमच्याकडे जोळ म्हणतात. आमच्या जोळाचं एक सामायिक शेत होतं. त्यातलं भात पौषात मोजायचं आणि वर्षभर ज्यांनी चिखल वाहिला त्यांना वाटून द्यायचं. जमीन कोणाची, जात कुठली, माणूस गावचा की उपरा, हे तिथे विचारत नसत. चिखल कोणी वाहिला एवढंच विचारत. एखाद्याला यायला जमलं नाही तर त्याने आपल्या जागी माणूस उभा करायचा, मग वाटा राहतो. वाटा फारसा नसतोच, पाटी-दोन पाट्या. पण पंचांनी तुमचं नाव पुकारलं आणि तुम्ही पाटी पुढे केली की तुम्ही गावात आहात. न पुकारलेल्या माणसाने ते भात खाल्लं तर तो फुकट्या. आमच्या गावात चोराला एक वेळ मुलगी देतील, फुकट्याला देणार नाहीत.

ती मुलगी अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठात शिकत होती आणि खाडीच्या बांधांवर प्रबंध लिहीत होती. पुण्यात काही महिने मराठी शिकून आलेली. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी तिला माझ्याकडे पाठवलं आणि मी तिला नेऊन आत्याकडे ठेवलं. आत्या विधवा, मुलगा नागोठण्याच्या बाजूला कंपनीत, तो शिफ्ट सांभाळून महिन्यातून एकदा यायचा. घरात माणूस झाला तर तिला हवाच होता. पहिल्याच आठवड्यात मुलीने जेवणाखाण्याचे पैसे पुढे केले. आत्याने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू कोणी ताटात मेलेला उंदीर वाढलाय. मुलगी घाबरली आणि तिने पैसे परत ठेवले.

श्रावणातल्या उधाणाला खांड गेली तेव्हा ही बाई बांधावर कॅमेरा घेऊन उभी. आत्या रांगेतून ओरडली, तो डबा ठेव आणि हात लाव. तिने ठेवला. गोरीपान बाई कमरेएवढ्या चिखलात उतरली, दोनदा पडली, एक चप्पल खाडीला दिली आणि भरती चढेपर्यंत रांगेतून हलली नाही. त्या वर्षी आणखी दोनदा बांध गेला. दोन्ही वेळा तिला कोणी बोलवायला गेलं नाही, ती आपली आपण पुढे होती. पौषात भात मोजताना पंचांनी गोरी बाय असं पुकारलं. तिला आधी कळलंच नाही. आत्याने पाठीत धपाटा घातला तेव्हा ती पाटी घेऊन पुढे गेली. ती परत येताना मी तिचा चेहरा पाहिला आहे, म्हणून तर पुढचा सगळा राग आहे. तोवर तिची भाषाही पुण्याची उरली नव्हती. नाय, हाय, व्हय करत बायकांत बसायची, आणि आमच्याच शाळेतल्या एका शिक्षिकेला ती एकदा म्हणाली, तुमचं मराठी जरा पुस्तकी हाय.

वैशाखात तिची शिष्यवृत्ती संपत आली. तिकडे ठरलेल्या दिवशी विद्यापीठात हजर झाली नाही तर तिची जागा आणि पुढच्या वर्षाचा भत्ता दोन्ही दुसऱ्याला जाणार होते. तिचं घर काही पैसेवालं नव्हतं, वडील ट्रक चालवायचे. तिकीट काढून झालं आणि मग तिला कोणीतरी सांगितलं की चार महिन्यांच्या वर राहिलेल्या परदेशी माणसाला आयकर खात्याचा दाखला लागतो. या देशाचा माझ्याकडे कर बाकी नाही, असा. तो नसला तर विमानतळावरून परत पाठवतात.

मी म्हटलं, तू इथे कमावलंस काय, की कर बाकी राहील? ती हसली. म्हणाली, आमच्याकडेही असंच आहे. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याने वर्षभरात एक डॉलर मिळवला नाही तरी फॉर्म भरून कळवावं लागतं की मी काही मिळवलं नाही. तिच्यासोबत खोलीत राहणारी एक मुलगी होती बाहेरच्या देशातली, तिने तो फॉर्म भरला नाही म्हणून पुढे व्हिसाच्या वेळी तिला घाम फुटला होता. मला ते ऐकून तिथेच चीड आली. मिळवलेल्याचा हिशेब मागा, समजू शकते. न मिळवलेल्याचाही हिशेब द्यायचा म्हणजे उद्या न केलेल्या पापाची कबुली द्या म्हणतील.

रोह्यात एक कर सल्लागार होते. कारखान्यांतल्या साहेबांची आणि सुपरवायझरांची विवरणपत्रं भरून देत. त्यांना मी गाठलं. त्यांनी परदेशी माणसाचं काम कधी केलं नव्हतं, पण तसं कबूल करतील तर ते सल्लागार कसले. म्हणाले, सोपं आहे बाई, बँकेत डॉलर मोडल्याच्या पावत्या जोडायच्या, म्हणजे ती बाहेरून आणलेल्या पैशावर राहिली हे सिद्ध झालं. पावत्या जोडल्या आणि आम्ही तिघं आयकर कार्यालयात गेलो. ते कुठल्या गावात होतं ते मी सांगत नाही. तिथला तो अधिकारी आता पेन्शन खात असेल, सुखाने खाऊ दे.

तो वाईट माणूस असता तर मला बरं पडलं असतं. तो सभ्य होता. चहा मागवला, मुलीच्या मराठीचं कौतुक केलं, पावत्या एकेक करून पाहिल्या आणि मग त्याने कपाळाला आठ्या घातल्या. पावत्या फार थोड्या होत्या. एवढ्या पैशात माणूस वर्षभर राहतो कसा, असं त्याचं म्हणणं. खोलीचं भाडं कुठे आहे? खानावळ कुठे आहे? बाकीचा खर्च कशातून केला? म्हणजे ती उधळी असती तर तिचं काम तासाभरात झालं असतं. ती आमच्यासारखी राहिली हाच संशय. शेवटी तो म्हणाला, जिच्याकडे राहिल्या त्या घरमालकिणीला घेऊन या, तिने राहणं-जेवण फुकट होतं एवढं सांगितलं की मी सही करतो.

बाहेर आल्यावर सल्लागार खूश होते. काम झालंच म्हणून समजा म्हणाले. मला मात्र ते पटत नव्हतं, कारण मला माझी आत्या माहीत होती.

दोन दिवसांनी आत्याला घेऊन निघालो. तिने नवं लुगडं काढलं होतं. पेणहून बस सुटल्यापासून मी तिच्या कानी लागले की आत्ये, साहेब विचारील पोर तुझ्याकडे राहत होती का, तू व्हय म्हण. जेवत होती का, व्हय म्हण. व्हयच्या पुढे जाऊ नकोस. ती म्हणाली, मना काय येडी समजतंस? मी म्हटलं, येडी नाही, बडबडी समजते. मुलगी मागच्या बाकावर बसून हसत होती. मोकळं असं तिचं ते शेवटचं हसणं मी पाहिलं.

सल्लागार कार्यालयात आधीच येऊन बसले होते. साहेबाने आत्याला खुर्ची दिली. फार गोड आवाजात, तिला मदत होईल असाच, त्याने प्रश्न टाकला. आजी, या मॅडम तुमच्याकडे फुकट जेवत होत्या ना? एक व्हय म्हटलं असतं तर संपलं होतं. आत्याची पाठ ताठ झाली. ती आधी साहेबाकडे बघत राहिली, मग मुलीकडे, जणू कोणी तिच्या देखत त्या पोरीला शिवी दिली होती.

"फुकट कशाला जेवंल ती?" आत्या म्हणाली. "बांध फुटला तवा कमरंपातूर चिखलात उबी व्हती. तिचा वाटा हाय. सोताच्या वाट्याचं जेवली."

साहेबाचं पेन थांबलं. वाटा म्हणजे काय, असं त्याने विचारलं आणि आत्या खुलली. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिने पाय बाजूला घेतला आणि खांड, चिखल, भरती, सामायिक शेत, पौषातली मोजणी, सगळं सांगितलं. मुलगी किती चांगली, किती कामाची, हे साहेबाला पटवून द्यावं आणि त्याने लवकर कागद द्यावा, एवढाच तिचा हेतू. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती ही म्हण पेणच्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. आमच्याकडे वर्षभर गणपतीच करतात.

साहेब हळूहळू म्हणाला की हे वस्तूच्या रूपातलं वेतन झालं. भात म्हणजे मजुरी. मी म्हटलं, शेतीच्या उत्पन्नाला तर या देशात करच नाही. तो म्हणाला, ते शेतकऱ्याला, मॅडम. मजुराची मजुरी ती मजुरीच. रक्कम इतकी किरकोळ आहे की कर काही लागणार नाही, पण उत्पन्न आहे म्हटल्यावर विवरणपत्र आलं. विवरणपत्रात मालकाचं नाव आलं. मालक कोण? आत्या म्हणाली, मालक कोण नाय, खांड गेली की समद्यांनी यायचं. साहेबाने ते लिहून घेतलं नाही. आणखी एक अडचण त्याने फार वाईट वाटल्याच्या सुरात सांगितली. यांचा व्हिसा अभ्यासाचा आहे, त्यावर काम करून मोबदला घेता येत नाही. विवरणपत्र भरलं तर त्याला तसं वर कळवावं लागेल, मग चौकशी, मग महिना कुठे गेला ते कळणार नाही.

मुलगी बोटांवर दिवस मोजू लागली. महिना म्हणजे तिची जागा गेली, भत्ता गेला, प्रबंध गेला. मी काय काय बोलले ते आठवलं की अजून बरं वाटतं. मी म्हटलं, तालुक्यात ज्यांचे दोन-दोन मजले वर्षात उठतात त्यांना कधी विचारलंत का कशातून उठले? चोर सोडून संन्याशाला फाशी देताय. दोन पाट्या भातासाठी तुमचं अख्खं खातं हलवायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड झाला. सल्लागारांनी माझा पदर जवळजवळ ओढलाच आणि मला बाहेर नेलं. साहेब रागावला नाही. त्याने फक्त पंखा वाढवायला सांगितला.

मार्ग सल्लागारांनी काढला. कार्यालयाच्या बाहेर टपरीवर टंकलेखक होता, त्याच्याकडून स्टँप पेपरवर आत्याच्या नावाने प्रतिज्ञापत्र करून आणलं. साहेबाला ते चालणार होतं. आजींचं आधीचं बोलणं मी ऐकलंच नाही म्हणायला तो तयार होता. हे त्याचे उपकारच. आता आत्याने सही करायची राहिली होती.

त्या सहीबद्दल सांगायला हवं. साक्षरतेचे वर्ग गावोगाव निघाले होते त्या काळात मीच सुट्टीत जाऊन आत्याला दगडी पाटीवर तिचं नाव गिरवायला शिकवलं. आधी अंगठा लावायची. सही यायला लागल्यावर पोस्टात आणि रेशनच्या दुकानात ती मुद्दाम सावकाश सही करायची, मागे रांग खोळंबली तरी. पूर्ण नाव, तिन्ही शब्द, वर रेघ. गावात अंगठेबहाद्दर पुरुष होते, त्यांना ती सही दाखवायची.

तिने कागद हातात घेतला आणि मला म्हणाली, काय लिवलंय ते वाच. मी वाचलं. सदर विद्यार्थिनीस मी किंवा गावातील कोणीही कसलाही मोबदला दिलेला नाही. तिने कोणतेही श्रम केलेले नाहीत. तिचा निवास आणि भोजन पूर्णपणे विनामूल्य होते. आत्याने विचारलं, इनामूल्य म्हंजे? सल्लागार काहीतरी गोलमाल सांगायला निघाले होते. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, म्हणजे ती फुकट जेवली असं लिहिलंय, आत्ये.

"ह्ये खोटं हाय," आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही. मग ती मुलीकडे वळली. "तू सांग गो. तू फुकट जेवलीस?"

साहेब पलीकडच्या टेबलाशी उभा होता आणि सगळं ऐकत होता. मुलीने त्याच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. वर्षभर नाय-हाय करणारी ती पोर पुण्याच्या वर्गात शिकवलेल्या मराठीत बोलली.

"होय, आत्या. मी विनामूल्य जेवले."

आत्याने हात पुढे केला आणि पेन मागितलं. तिन्ही शब्द लिहिले, वर रेघ ओढली. या खेपेला तिने घाई केली, रेघ वाकडी आली. साहेबाने दुपारपर्यंत दाखला दिला. सल्लागारांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, आत्याशीही करायला गेले, तिने हात पदरात घेतला. परतीच्या बसमध्ये वडखळपर्यंत मी एकटीच त्या कागदाला शिव्या घालत होते. वडखळला मुलीने आत्यासाठी लिंबू सरबत आणलं. आत्याने ते घेतलं, प्यायलं आणि कमरेचा बटवा काढून तिच्या हातावर पैसे ठेवले. मुलगी ते हातात धरून बसली.

तिच्या वाट्याच्या भातातलं बरंचसं तोवर संपलं होतं. उरलेलं आत्याने महिनाभर आधीच माझ्याकडे रोह्याला पाठवलं होतं, तिथल्या भट्टीतून पोहे करून आणायला. आमचं खारं भात लालसर आणि जाड, त्याचे पोहेही तसेच, दिसायला काही नाहीत. पण चव अशी की तिखट-मीठ नुसतं चोळलं तरी पुरे. पोर तिकडे गेली की तिच्या आईबापाला खाऊ घालील, सांगेल की हे मी मिळवलं, असं आत्याच्या मनात होतं. तिने पांढऱ्या मांजरपाटाची पिशवी शिवली होती आणि तोंड सुईदोऱ्याने बंद केलं होतं.

निघायच्या दिवशी पेणच्या स्टँडवर ती पिशवी घेऊन आली. मला वाटलं होतं येणार नाही. मुंबईची बस लागायची होती. आत्याने पिशवी पुढे केली आणि एवढंच म्हणाली, हे तुझ्या वाट्याचं. मुलीने घ्यायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. तिने इकडे तिकडे पाहिलं. स्टँडवर तिचं ऐकायला कोण होतं? पापडवाल्या बायका आणि एक कंडक्टर. पण तो साहेब तिच्या डोक्यात बसून आला होता.

"आत्ये, भेट म्हणून दे ना," ती हळूच म्हणाली. "कुणी विचारलं तर मला भेट सांगता येईल."

"भेट पावन्याला देतात," आत्या म्हणाली आणि पिशवी परत काखेत धरली.

मी त्या मुलीला स्टँडवर फाडून खाल्लं. म्हटलं, पोह्यांवर नाव लिहिलंय का तुझं? बॅगेत कोंब आणि गप्प बस, हजार माणसं लोणच्याच्या बरण्या नेतात. तुला कोण विचारणार आहे? तुला त्या कागदाची भीती नाही, तुला त्या कागदाची सवय लागली. ती रडत होती. म्हणाली, माझं काही चुकलं असेल तर मला पुन्हा येऊ देणार नाहीत, आणि मला पुन्हा यायचंय. बस लागली. कंडक्टरने तिची बॅग वर टाकली. आत्याने तिच्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली, पण पिशवी दिली नाही.

ती घाबरलेली होती, हे मला समजतं. परक्या देशात, वडील ट्रकवाले, एका सहीवर अख्खं आयुष्य टांगलेलं. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं तेही मला ठाऊक आहे. पण समजलं म्हणून राग जातो असं ज्यांना वाटतं त्यांना कधी खरा राग आलेला नसतो. ज्या माणसाने तिला श्रमाचा मान दिला त्याच माणसाकडून, त्याच्याच नव्या शिकलेल्या सहीने, तो मान काढून घेतला आणि वर सगळ्यांनी त्याला सोय म्हटलं. साहेब सभ्य, सल्लागार हुशार, मुलगी गरजवंत. दोषी शोधायला गेलं तर कोणी सापडत नाही, म्हणूनच हा राग कुठे ठेवावा ते मला कळत नाही.

त्याच वर्षी श्रावणात पुन्हा खांड गेली. मी रविवार म्हणून गावी होते. सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहिले, पाणी चढायला लागल्यावर माणसं पांगली. आत्याची पाळी झाली होती, तिने घरी जायला हवं होतं. दुसऱ्या टोकाला कडेची डागडुजी चालली होती तिथे ती जाऊन पुन्हा उभी राहिली. वय झालेलं, पाय सुजलेले. मी तिला ओढायला गेले. ती म्हणाली, ही गोऱ्या बायची पाळी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, कोणाची पाळी? तिने तुझ्या तोंडावर सांगितलं फुकट जेवले म्हणून. आणि तिचं सोड, तू सही केलीस त्यावर. आता कसला वाटा?

आत्याने हातातला चिखल पुढच्या बाईला दिला आणि मगच माझ्याकडे पाहिलं.

"सही मना तू शिकवलीस गो," ती म्हणाली. "बांध बापानं शिकवलान."

मी पदर खोचला आणि तिच्या शेजारी उभी राहिले.

पौषात भात मोजायला बसले तेव्हा मी मुद्दाम रजा काढून गेले. सहीची गोष्ट तोवर गावभर झाली होती. बसमध्ये आमच्या मागे बसलेल्या कोणीतरी ऐकून आणली असेल, गावाला काय लागतं. पंचांनी एकेक नाव घेतलं. आत्याचं झालं. मग ते थांबले. एकाने म्हटलं की ती तर कागदावर फुकट जेवलीय, सरकारी कागद हाय. पंच आत्याकडे बघत राहिले. तिने दुसरी पाटी आणली होती, ती पहिलीच्या शेजारी ठेवली आणि उभी राहिली. कोणाला घाई नव्हती. शेवटी पंचांनी पुकारलं, गोरी बाय. आत्याने पाटी पुढे सरकवली आणि म्हणाली, हाय.

मुलीची पत्रं यायची. आत्याला नमस्कार, बांधाची खुशाली, प्रबंधाचं कौतुक. मी उत्तर द्यायची नाही. मग दोन-तीन वर्षांनी एक पत्र आलं की तिला पुन्हा यायचं आहे, नव्या अभ्यासासाठी, आणि अर्जाला जोडायला आत्याकडून एक ओळ हवी आहे. मागच्या मुक्कामात मी काही काम केलं नाही, काही मोबदला घेतला नाही, एवढीच. तुम्ही लिहा आणि आत्याची सही घ्या.

मी आत्याला ते पत्र वाचून दाखवलं नाही. कागद काढला आणि उत्तर माझ्या हातानेच लिहिलं. तुझा वाटा आत्याकडे आहे. येऊन घेऊन जा. भेट म्हणून मिळणार नाही.

त्याचं उत्तर आलं नाही. ती आलीही नाही. आत्या पौषात पाटी भरून घेते, मी रोह्याच्या भट्टीतून पोहे करून आणते, ते मांजरपाटाच्या पिशवीत भरते आणि आत्या तोंड शिवते. पोहे वर्षाच्या वर टिकत नाहीत, म्हणून जुने आम्ही दोघी खातो. पहिल्या वर्षी माझ्या गळ्याखाली उतरेनात. मी म्हटलं, आत्ये, हे दुसऱ्याच्या वाट्याचं आहे, आपण फुकट खातोय.

आत्या म्हणाली, फुकट नाय, उसनं घेतलंय. आली की भरून देऊ.